तुमचे प्रश्न : समीकरणातले आकडे

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. समीकरण संतुलित करताना डावीकडचं जुळलं की उजवीकडचं बिघडतं, मग ती सूत्रातलाच आकडा बदलून मोकळी होते. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाचं समीकरण तीनदा सोडवलं, तीन उत्तरं आली. – पालक, ऐरोली

उत्तर : सूत्रातला आकडा बदलण्याची सवय आधी सोडवा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, हे समीकरण तिला द्या. डावीकडे एच टू आणि ओ टू, उजवीकडे एच टू ओ. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो म्हणून तिने ओखाली २ लिहिला तर एच टू ओ टू होईल. अणू चोख जुळतील, पण ते पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड; औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते. सूत्रं लिहून झाली की प्रत्येकाभोवती पेन्सिलीने चौकट आखायला सांगा. आकडा घालायचा तो चौकटीच्या डावीकडे, आत नाही.

आता तिचं समीकरण. ऑक्सिजन इथे चारही संयुगांत आहे, त्यामुळे त्याच्यापासून सुरुवात केली की चक्रव्यूहात शिरलंच म्हणून समजा. जे दोन्ही बाजूंना एकेकाच संयुगात आहे ते आधी घ्यायचं : ॲल्युमिनिअम आणि सल्फेट. सल्फेट फुटत नाही, म्हणून तो अख्खा एक गट म्हणून मोजा. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये सल्फेट ३, म्हणून आम्ल ३. त्यात ॲल्युमिनिअम २, म्हणून हायड्रॉक्साइड २. आता हायड्रोजन : हायड्रॉक्साइडचे ६ आणि आम्लाचे ६ मिळून १२, म्हणजे पाणी ६. ऑक्सिजन फक्त पडताळ्यासाठी : डावीकडे ६ + १२, उजवीकडे १२ + ६. बहुतेक मुलं हायड्रॉक्साइडच्या कंसाबाहेरचा ३ विसरतात आणि २ × ३ ऐवजी नुसते २ ऑक्सिजन धरतात. वहीत तीच जागा आधी तपासा.

शेवटी अर्धा आकडा आला तरी खोडायचं नाही. ब्यूटेन वायू जळतो तेव्हा एका ब्यूटेनला साडेसहा ऑक्सिजन लागतात. सगळं दुप्पट केलं की ब्यूटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०.

प्रश्न : तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल. अंदाजाने आकडे घालून अर्धा तास गेला, जमत नाही. – अकरावीचा विद्यार्थी, कळवा

उत्तर : इथे अंदाज चालवू नकोस. नायट्रोजन डावीकडे एका ठिकाणी आहे, उजवीकडे दोन : काही आम्लाचा नायट्रिक ऑक्साइड होतो, बाकीचं नुसतं नायट्रेट म्हणून तांब्याच्या जोडीला बसतं. म्हणून आधी इलेक्ट्रॉनचा हिशेब मांड. प्रत्येक अणूचा ऑक्सिडेशन अंक, म्हणजे त्याने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले त्याचा आकडा, पाहा : तांबं ० वरून +२ ला जाताना २ इलेक्ट्रॉन देतं, नायट्रोजन +५ वरून +२ ला येताना ३ घेतो. देणं-घेणं ६ वर जुळतं, म्हणजे तांबं ३, नायट्रिक ऑक्साइड २. कॉपर नायट्रेटही ३, त्यात नायट्रेट ६. त्यात हे २ मिळवले की आम्ल ८. आठ हायड्रोजनचं पाणी ४. ऑक्सिजन २४ ला २४.

संहत आम्लात तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तिथे नायट्रोजन +४ वरच थांबतो, एकच इलेक्ट्रॉन घेतो. आकडे त्याच क्रमाने मांड : तांबं १, डायऑक्साइड २, कॉपर नायट्रेट १, आम्ल ४, पाणी २. परीक्षेत ही दोन समीकरणं हमखास एकमेकांत मिसळतात, कारण ती पाठ केलेली असतात.

प्रश्न : समीकरण संतुलित झालं म्हणजे ते बरोबरच, असं धरायचं का? – वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : नाही. घरगुती सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. त्यातलं प्रोपेन घ्या. १ प्रोपेन आणि ५ ऑक्सिजनपासून ३ कार्बन डायऑक्साइड आणि ४ पाणी : संतुलित. २ प्रोपेन आणि ७ ऑक्सिजनपासून ६ कार्बन मोनॉक्साइड आणि ८ पाणी : हेही संतुलित. पहिल्यात एका प्रोपेनला ५ ऑक्सिजन, दुसऱ्यात साडेतीनच. प्रत्यक्षात कोणतं घडेल हे हवा किती मिळते त्यावर ठरतं. कागदावरचा हिशेब ते सांगत नाही. १ किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवला की हवा अपुरी पडते आणि दुसरं समीकरणही सुरू होतं. मोनॉक्साइडला वास नसतो, रंगही नसतो.