चालवायला स्वस्त असा इलेक्ट्रिक रूम हीटर कोणता? ऑइल हीटर वीज कमी खातो हे खरं आहे का?

नाही. खोटं आहे. वडिलांच्या खोलीसाठी कोणता घ्यावा हेही तुम्ही विचारलंय, त्याकडे येते. पण हे 'कमी खातो' प्रकरण आमच्या घरात इतकं गाजलंय की ते आधी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फॅनचा घ्या, ऑइलचा घ्या, क्वार्ट्झ रॉडचा घ्या, सिरॅमिकचा घ्या. आत वीज जाते, एलिमेंट तापतं, एका युनिटची ३६०० किलोज्यूल उष्णता होते. ऑइल हीटरमधलं तेल जळत नाही, संपत नाही, ते नुसतं तापून फिरत राहतं. बाकी यंत्रांत जी वीज वाया जाते ती उष्णता होऊनच जाते, आणि इथे आपल्याला उष्णताच हवी आहे, मग वाया जाणार काय? फॅन हीटरच्या पंख्याला लागणारी वीजसुद्धा शेवटी खोलीच गरम करते. त्यामुळे खोक्यावर 'एनर्जी सेव्हिंग' छापून जे जास्तीचे पैसे घेतात ते छपाईचे.

आता आमची गोष्ट. सासऱ्यांना न्यूमोनिया होऊन गेला आणि डॉक्टरांनी खोली उबदार ठेवायला सांगितली. घरात फॅन हीटर होता, तो मी लावत होते. धाकटे दीर आले ते अकरा फिनचा, म्हणजे अकरा उभ्या पट्ट्यांचा, ऑइल हीटर घेऊनच. "वहिनी, हा रात्रभर चालू द्या, बिलात कळणारसुद्धा नाही." आणि माझा फॅन हीटर त्यांनी स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला.

बिल आलं तेव्हा चांगलंच कळलं. मी काही बोलले नाही. भाऊजी मात्र बोलले: "तुम्ही अधूनमधून तो जुना काढत असणार, त्याचं आलंय हे." शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली आहे. मला कोणी चोरून हीटर लावते म्हटलं तर मी एक वेळ सोडून देईन, पण ओहम आणि ज्यूलवर अन्याय झालेला मी सोडत नाही.

रविवारी सगळ्यांना मीटरखाली उभं केलं. सासऱ्यांच्या खोलीची लाइन सोडून बाकीचे एमसीबी खाली पाडले, खोलीतला दिवासुद्धा बंद. आमच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं की एका युनिटला किती वेळा लुकलुकणार. आमच्याकडे ३२०० आहे. मिनिटभर मोजायचं, आलेल्या आकड्याला ६० ने गुणायचं, ३२०० ने भागायचं, की चालू उपकरण किती किलोवॉट घेतंय ते मिळतं. पुतण्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, मी मोठ्याने मोजतेय, भाऊजी हाताची घडी घालून. फॅन हीटर: १०७. म्हणजे २ किलोवॉटला अगदी किंचित जास्त. मग ऑइलचा पूर्ण क्षमतेवर लावला: १०२.

"बघा! कमी आहे!" भाऊजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

अहो, पाच वेळा कमी लुकलुकला म्हणजे तेवढी वीज कमी गेली, आणि तेवढीच ऊब कमी आली. जरा कमी वॉटचा आहे इतकंच. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं: "पण हा मध्येमध्ये आपोआप बंद होतो, बचत तिथे होते." बंद होतो तो थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे चकतीवर ठरवलेलं तापमान आलं की वीज तोडणाऱ्या स्विचमुळे. थर्मोस्टॅट फॅन हीटरलाही असतो, आमच्याही होता. मी पलंगाच्या उशाशी थर्मामीटर टांगला तेव्हा कळलं की भाऊजी ऑइल हीटरची चकती अर्ध्याखाली ठेवून जायचे. खोलीच कमी गरम होत होती! गार खोली ठेवायला वीज कमी लागते, त्यासाठी ऑइल हीटर कशाला हवा? दोन्ही हीटरवर खोली सारख्याच तापमानाला ठेवली की दिवसाचे युनिट जवळपास सारखेच येत होते. बंद केल्यावर ऑइल हीटर बराच वेळ ऊब देतो हे खरं, पण ती ऊब त्याने सुरुवातीला स्वतः तापताना आधीच घेतलेली असते, त्या वेळात खोलीत तुम्ही कुडकुडत बसलेले असता.

सासऱ्यांच्या खोलीत आजही तोच ऑइल हीटर आहे. "वहिनींनी शेवटी मान्य केलं," असं भाऊजी नातेवाइकांत सांगत फिरतात. काही मान्य केलेलं नाही. फॅनच्या घरघरीने सासऱ्यांना झोप लागत नव्हती आणि ऑइलचा आवाज करत नाही, म्हणून तो राहिला. तो वाईट आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं. बिलासाठी घेऊ नका, एवढंच म्हणत होते.

तर तुमच्या वडिलांसाठी: रात्रभर चालवायचा असेल तर ऑइलचाच घ्या, झोपायच्या अर्धा तास आधी लावा, टायमर असलेला मिळाला तर उत्तम. दिवसा ते खुर्चीत वाचत बसत असतील तर रॉडचा. तो हवेपेक्षा समोरच्या माणसाला थेट गरम करतो, ६००-८०० वॉटमध्ये काम भागतं, आणि अख्खी खोली तापवावी लागत नाही. खरी बचत झालीच तर इथे होते. इलेक्ट्रिक ब्लँकेट तर साधारण १०० वॉटच्या आसपासच घेतं. पण मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर ते नको, चटका बसलेला कळत नाही.

एका युनिटमागे खरोखर जास्त ऊब देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गरमही करणारा एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटमागे तीन युनिटांइतकी ऊब सहज मिळते. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर हे प्रमाण उतरतं. घरात एसी असेल तर आधी रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का बघा. नुसता थंड करणारा असेल तर मात्र उपयोग नाही.

वडिलांच्या खोलीत पाण्याचं भांडं ठेवा असं कोणी सांगेलच. हीटर ऑक्सिजन जाळतो म्हणे. कोळशाची शेगडी जाळते, गॅसचा हीटर जाळतो, आणि बंद खोलीत ते जिवावर बेततं. विजेचा हीटर काही जाळत नाही. हवा गरम झाली की कोरडी वाटते, एवढंच. भांडं ठेवायचं तर ठेवा, फार फरक पडणार नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, थेट भिंतीतल्या जाड पिनेच्या सॉकेटला लावा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, चांगलाच तापला असेल तर सॉकेट ढिलं आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. रॉडचा हीटर पांघरुणापासून आणि पडद्यापासून निदान मीटरभर लांब ठेवा. वडील रात्री उठत असतील तर कलंडल्यावर आपोआप बंद होणाराच घ्या. कंपनी कोणती घ्यावी ते मी सांगणार नाही, चालवायच्या खर्चात त्याने फरक पडत नाही. आणि दाराखालच्या फटीतून वारं येत असेल तर हीटरच्या आधी त्या फटीला पट्टी लावून घ्या.