हिंजवडीत नोकरी, पण घर कुठे?

प्रश्न : ताई, मिस्टरांची बदली हिंजवडीला झालीय. मे महिन्यात कोल्हापूर सोडायचं. लेक सेमी इंग्रजीत शिकते, आता सहावीत जाईल. घर वाकडला बघावं की चिंचवडला? तिथं आम्हाला कुणी आपलं म्हणेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी शाळा ठरवा, मग घर. एजंट नेमकं उलटं करायला लावतात. वाकडच्या टॉवरांत पोहण्याचा तलावसुद्धा मिळेल, पण सेमीसाठी माझा कल चिंचवडगावाकडे. मिस्टरांना रोज थोडं जास्त ट्रॅफिक सोसावं लागेल, सोसू दे.

शाळेच्या चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रत्येक शाळेला 11 आकडी यूडायस क्रमांक असतो. त्यावरून सरकारी संकेतस्थळावर पटसंख्या आणि शिक्षकसंख्या दिसते. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तो हिशेब स्वतः करून बघा. डोनेशन आणि प्रवेशासाठी मुलीची चाचणी, दोन्हींना या कायद्यात मनाई आहे. दाखला यायला उशीर झाला, तरी सरकारी किंवा अनुदानित शाळा तेवढ्यावरून प्रवेश नाकारू शकत नाही.

आपलेपणाचं म्हणाल, तर सोसायटीत संध्याकाळी सहाला जा. पोरं खाली खेळताहेत का? भाडेकरूंची पोरंही त्यांत आहेत का? वॉचमनशी दोन शब्द बोला, सेक्रेटरीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. आणि टोकन देण्याआधी मालकाला स्पष्ट विचारा, घरात मटण शिजवलेलं चालतं ना. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.