खाऱ्या पाण्याचा जुना मत्स्यटँक विकताना

प्रश्न : सहा वर्षे जोपासलेला खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक घर बदलत असल्यामुळे विकायचा आहे. तो एकाच व्यक्तीला द्यावा, की मासे, प्रवाळ आणि उपकरणे वेगवेगळी विकावीत?

उत्तर : सुटे विकल्यास पैसे बहुधा अधिक मिळतात, परंतु क्रम चुकला तर जीव जातात. माशांच्या मलमूत्रातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जीवाणू मुख्यतः खडकांवर आणि वाळूत असतात, पाण्यात फारसे नसतात. म्हणून आधी मासे व प्रवाळ, मग खडक आणि सर्वांत शेवटी पंप, हीटर व दिवे द्यावेत. खडक ओलेच न्यावेत, कारण ते वाळले की त्यांवरचे जीव मरून कुजतात. जुनी वाळू उकरताना काळपट थर दिसून सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा असतो. मासे बाहेर काढल्याखेरीज वाळूला हात लावू नये. क्लाउनफिशची जुळलेली जोडी मात्र फोडू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. घेणाऱ्याची टाकी स्थिरावलेली आहे का आणि पाण्याची विशिष्ट घनता (खारटपणाचे माप) १.०२५ च्या आसपास आहे का, हे विचारून खात्री पटल्यावरच मासे सोपवावेत, मग भाव थोडा कमी आला तरी चालेल.