ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या बॉल पायथनची मुंबईच्या पावसाळ्यात घरी काळजी कशी घ्यावी?

पाच दिवस झाले तरी खात नाही, याची काळजी आत्ता करू नका. टाके कधी काढायचे, पाण्यात बसवायचं का, आजी म्हणतात तसं दूध-हळद द्यायचं का, यावर खाली सविस्तर लिहितो. पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर माझी नजर अडकली, ते आधी.

तुम्ही लिहिलंय की तुमची बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी, लहान जातीचा अजगर) मैना १८ वर्षांची आहे, अंडी अडकली म्हणून पोट उघडावं लागलं, दर तीन दिवसांनी इंजेक्शन आहे, आणि मुलुंडला तसंही उकडतंय म्हणून हीट मॅट, म्हणजे टँकला ऊब देणारी विजेची चटई, बंद ठेवली आहे. ती मॅट आजच सुरू करा.

साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही. जखम भरणं, जंतूंशी लढणं, औषध अंगात फिरणं, पचन, हे सगळं तिच्या बाजूला किती ऊब आहे त्यावर चालतं. जुलैत पाऊस लागून राहिला की आपल्या घरात २६-२७ अंश असतं. आपल्याला ते दमट आणि नकोसं वाटतं, पण पश्चिम आफ्रिकेतल्या घाना-टोगो-बेनिनकडच्या या सापाला पोटातली जखम भरायला ते कमी पडतं. टँकची एक बाजू ३१ ते ३२ अंश, दुसरी २६-२७, आणि बरी होईपर्यंत रात्रीसुद्धा त्याखाली जाऊ देऊ नका. इंजेक्शनची मात्रा आणि दोन इंजेक्शनांमधलं अंतरही साप त्याच्या योग्य तापमानात आहे असं धरून ठरवलेलं असतं. साप गार पडला की तो हिशोबच बदलतो.

मात्र मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही. ऑपरेशननंतर सुस्त पडलेला साप पोट भाजत असलं तरी जागचा हलत नाही, आणि नुसती मॅट ४० अंशांच्या वर सहज जाते. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅटवर नीट चिकटवा आणि वर वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने खात्री करा. काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या मीटरवर माझा अजिबात विश्वास नाही. वीज गेली तर पावसाळ्यात काही तास निभतं. पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईचीच वीज गेली होती, तसं थंडीत झालं तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टँकमध्ये एका कडेला ठेवा.

ऊब झाली, आता ओल. मुंबईत सापांचं सामान विकणारे बहुतेकजण परदेशातल्या कोरड्या घरांसाठी लिहिलेला सल्ला देतात: फवारा मारा, नारळाचा भुसा ओला ठेवा. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. टाके असलेल्या सापाला सतत ओल्या जमिनीवर ठेवलं तर पोटाखालचे खवले लालसर होतात, त्यांवर फोड येतात, आणि ते दुखणं टाक्यांपर्यंत पोचतं. म्हणून भुसा, लाकडाचा चुरा, कृत्रिम गवत सगळं काढा. खाली साधे पांढरे टिश्यू किंवा कोरे कागद घाला आणि ओलसर लागले की लगेच बदला. पांढऱ्या कागदावर रक्ताचा ठिपका, पिवळट डाग, शी कशी झाली, सगळं दिसतं. लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या, मळलं की टाकून देता येतं. फांद्या, दगड, खापरं आत्ता नकोत. खोलीत एसी ड्राय मोडवर चालवलात तरी हरकत नाही, फक्त झोत टँकवर येऊ नये आणि आतलं तापमान टिकलं पाहिजे.

मुंग्या! मुंबईच्या पावसाळ्यात कुठल्याही मजल्यावर मुंग्या येतात आणि जखमेच्या वासावर थेट जातात. टँकच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी फडताळाचे ठेवत तसे. मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, मच्छर कॉइल, धूप, कापूर, फरशी पुसायचं फिनाइल, यांतलं काहीही त्या खोलीत नको. माशी बसू नये म्हणून झाकणाच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी लावा.

टाके बघून घाबरला आहात, ते साहजिक आहे. सापाच्या पोटाखालच्या रुंद पट्ट्यांवर सहसा चिरा घेत नाहीत. त्यांच्या वरच्या अंगाला, बाजूच्या लहान खवल्यांच्या ओळींमधून, खवला कापला जाऊ नये म्हणून वाकडातिकडा नेतात. आणि शिवताना कातडीच्या कडा मुद्दाम बाहेर वळवतात, कारण खवल्यांची कातडी आपोआप आत दुमडते आणि दुमडलेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत. त्यामुळे करंजीच्या मुरडीसारखी उभी कड दिसते. तुम्ही 'टाके उसवल्यासारखे वाटतात' म्हणता ते बहुधा तेच असावं. तरी एक स्वच्छ फोटो डॉक्टरांना पाठवून विचारा. माझ्याकडच्या नराची जबड्याखालची गाठ काढली तेव्हा ती कड पाहून मलाही धडकी भरली होती. मग रोज त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढायला लागलो. डोळ्याला रोज तेच दिसतं, पण आठवड्यापूर्वीचा फोटो शेजारी धरला की लाली कमी झालेली, कड बसत चाललेली स्पष्ट कळते.

कुत्र्या-मांजराचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात, सापाचे नाही. सहा आठवडे धरून चाला, आठही लागू शकतात, आणि बरेच डॉक्टर मधे एकदा कात टाकून होईपर्यंत थांबतात. ऑपरेशननंतर कात लवकर येऊ शकते. डोळे दुधी-निळसर झाले की एका बाजूला ओलसर कापड घातलेला छोटा डबा ठेवा, बाकी टँक कोरडाच. टाक्यांवर कात अडकली तर ओढायची नाही, ती डॉक्टर काढतील.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे सापाचा पू वाहत नाही. तो घट्ट, चुरा होणारा असतो. जखम कोरडी आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. टाक्यांच्या आजूबाजूला हलक्या बोटाने चाचपल्यावर नवी कडक गाठ लागली तर तोच संसर्ग असू शकतो.

आता हळद. आजींचा जीव तिच्यात अडकलाय हे वाचून बरं वाटलं, साप म्हटल्यावर घरातली माणसं खोलीबाहेरच थांबतात. पण हळदीची पूड टाक्यांत जाऊन बसते आणि खालची कातडी लाल आहे की काळी पडतेय ते दिसेनासं होतं. डेटॉलसारखी फिनॉल वर्गातली जंतुनाशकं सापाला विषारी पडू शकतात, तीही नकोत. डॉक्टरांनी पोव्हिडोन आयोडीन सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलं तितकंच पातळ करून. दूधही नाही. दूध हे सापाचं अन्न नाही आणि त्याला ते पचत नाही. नागपंचमीला साप दूध पितो असं दिसतं ते तहानेपोटी, कारण त्याला आधी उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो. आजींना एक काम खरंच देता येईल: दिवसातून दोनदा थर्मामीटरचे आकडे वहीत लिहायचे. फक्त टँकला हात लावला तर साबणाने धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो आणि वयस्कर माणसाला तो जड जातो. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

पाण्यात बसवणं तूर्त बंद. जखम मिटेपर्यंत, म्हणजे निदान पहिले दोन-तीन आठवडे आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत. पाण्याचं भांडं जड पण लहान ठेवा, तिला आत शिरून बसता येऊ नये इतकं. पण पाणी पोटात जाणं फार महत्त्वाचं आहे, कारण या वयात मूत्रपिंडं थकलेली असतात आणि दुखण्याचं औषध व काही अँटिबायोटिक्स त्यांच्यावरच ताण आणतात. सापाची लघवी पांढऱ्या लगद्यासारखी येते. तो लगदा मऊ आणि पांढरा असेल तर छान. पिवळट, खडूसारखा कोरडा, बोटांत खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय. कातडीला लांब सुरकुत्या, तोंडात चिकट लाळ, डोळ्यांवर खळगा, ही त्याचीच लक्षणं. मग घरी उपाय न करता डॉक्टरांकडून सलाईन घ्या.

इंजेक्शन तुम्ही घरी देणार असाल तर शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात, पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूत, दर वेळी बाजू बदलून. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं, म्हणून मागे टोचत नाहीत. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकच्या भरलेल्या सिरिंज फ्रीजरमध्ये ठेवायला दिल्या असतील तर त्या वेळेला एकच बाहेर काढा, हातात धरून वितळू द्या आणि उरलेलं पुन्हा गोठवू नका. एवढ्यासाठीच तिला हात लावायचा. वजनही त्याच वेळी करून घ्या, म्हणजे वेगळं उचलावं लागत नाही. उचलताना पूर्ण अंगाला खालून आधार द्या, टाक्यांच्या जागी वाक पडू देऊ नका. तुम्ही काळजीपोटी तासातासाला खोकं उचलून बघता, ते थांबवा. तिला आत्ता कोणी न बघणंच हवं आहे.

खाण्याचं: साधारण दोन आठवडे काही देऊ नका, मग डॉक्टरांना विचारून सुरू करा. निरोगी मोठा बॉल पायथन काही आठवडे, थंडीत तर महिनेसुद्धा न खाता राहतो. मैनाची गोष्ट थोडी वेगळी आहे, अंड्यांमुळे तिच्या अंगावरचं मांस उतरलेलं असणार, म्हणून वजनावर नजर हवी. ऑपरेशननंतरच्या वजनापेक्षा दहा टक्के उतरलं तर वाट न बघता डॉक्टरांना सांगा. पहिला घास लहान, नेहमीच्या उंदराऐवजी छोटा, आधी मारलेला, फ्रोझन असेल तर पूर्ण वितळवून कोमट केलेला. जिवंत उंदीर मुळीच नको. तो चावतो, आणि त्याला आवळताना तिचे पोटाचे स्नायू टाक्यांवर ताण आणतात. चिमट्याने समोर धरा. जीभ भराभर लपलपायला लागली, मान इंग्रजी एस सारखी मागे घेतली की कळतं, भूक परतली. नाही घेतला तर अर्ध्या तासात काढून टाका आणि आठवडाभर पुन्हा प्रयत्न करू नका. तोंड उघडून भरवणं घरी कधीच नाही.

रात्र असो की पाऊस, लगेच डॉक्टरांना फोन करावा अशा गोष्टी: टाके उघडून आतलं काही दिसणं, शेपटीच्या सुरुवातीला मलद्वारातून लाल मांसल भाग बाहेर येणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं किंवा नाकाशी बुडबुडे, दुर्गंधी, आणि उताणी केल्यावर सरळ न होणं. शेवटची तपासणी घरी मुद्दाम करू नका, टाक्यांना झटका बसतो. नेताना उशीच्या स्वच्छ अभ्र्यात बांधून, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. टॅक्सीतला एसी बंद करायला सांगा. तुमचे डॉक्टर गावाला गेले तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण सापावर काम करणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का ते आधी फोन करून विचारा. सोबत नोंदणीची कागदं ठेवा. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद बंधनकारक आहे. (वाचणाऱ्या इतरांसाठी: आपल्याकडचा नाग, धामण, अजगर पाळता येत नाही, जखमी दिसला तर वन विभागाची १९२६ हेल्पलाइन.)

टाके निघेपर्यंत गणपती येतील. सापाला जमिनीतून येणारा हादरा जबड्याच्या हाडातून जाणवतो, तेव्हा टँक रस्त्याकडच्या भिंतीपासून आतल्या खोलीत हलवा आणि खाली जाड फोम घाला. वॉशिंग मशीनशेजारीही नको.

'या वयात ऑपरेशन करून तिला उगाच त्रास दिला का,' असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. अडकलेली अंडी तशीच राहिली असती तर ती वाचली नसती. आणि १८ हे वय उतरतं असलं तरी शेवटचं नाही. नीट ठेवलेले बॉल पायथन २०-३० वर्षं जगतात. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या सुमारे ६२ वर्षांच्या मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, तीही पंधरा वर्षांहून जास्त काळ नराजवळ न जाता.

त्यातूनच तुमच्यासाठी एक प्रश्न निघतो, जो पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की विचारा: फक्त अंडी काढली की अंडाशयंही काढली? अंडाशयं ठेवली असतील तर नर नसतानाही तिच्या पोटात पुन्हा अंडी धरू शकतात. तसं असेल तर येत्या थंडीत टँक गार पडू देऊ नका, एकदम भरपूर खायला घालून वजन वाढवू नका, आणि डिसेंबरच्या आसपास एक सोनोग्राफी आत्ताच ठरवून ठेवा.