दुसऱ्यांदा गुडघा आणि आईची एफडी

यावलहून एका तिशीतल्या केळी उत्पादकाने विचारलं आहे. कबड्डीत गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, 2021 मध्ये मांडीमागची हॅमस्ट्रिंगची शीर काढून नवं बसवलं. आता बांधावरून उतरतानाही गुडघा सटकतो. एक डॉक्टर म्हणतात, तेव्हा शीर बसवायला हाडात पाडलेली भोकं रुंदावलीत. आधी त्यांत हाड भरू, चार-सहा महिन्यांनी लिगामेंट. दुसरे म्हणतात, एकदाच करू. विमा घेताना 2021 चं ऑपरेशन अर्जात लिहिलं होतं, पण आधीपासूनच्या आजाराचा खर्च पहिले 36 महिने मिळत नाही; ती मुदत संपायला आठ महिने आहेत. थांबू, की आईची एफडी मोडू?

भाऊ, नुसत्या विम्यासाठी गुडघा आठ महिने तसाच ठेवू नका. सटकत्या गुडघ्यात गादी फाटते, कूर्चा झिजते. मग ऑपरेशनही वाढतं आणि बिलही.

एकाच वेळचं ऑपरेशन स्वस्त दिसतं. पण भोकं खरंच मोठी असतील तर नवी शीर हाडात धरत नाही, आणि तिसऱ्या ऑपरेशनइतकं महाग काही नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन करा आणि भोकाचं मोजमाप मिलिमीटरमध्ये दोन्ही डॉक्टरांना विचारा. शीर कुठली, तेही विचारा. वाटीखालची किंवा वाटीवरची स्वतःची शीर घेता येते. दात्याची शीर वेगळी विकत घ्यावी लागते, शिवाय तरुण खेळाडूंत ती पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त आहे.

दोन टप्पे ठरले तर हिशेब तुमच्या बाजूने लागू शकतो. हाड भरणं येत्या महिना-दोन महिन्यांत स्वखर्चाने, आणि लिगामेंट मुदत संपल्यावर विम्यातून. 2021 चं ऑपरेशन प्रस्ताव अर्जात लिहिलंत, हे फार चांगलं केलंत; त्याच जोरावर दुसऱ्या टप्प्याबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर मागा. तोवर पॉलिसीत एक दिवसाचाही खंड नको. खोलीभाड्याची मर्यादाही बघून ठेवा; महागडी खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात.

पहिल्या टप्प्यासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, आणि आईची ठेव जागेवर राहते. केळी कापणीला आली की फेडा, पण आजचा भाव धरून हप्ता ठरवू नका.

फिजिओथेरपीचे पैसे मात्र आजच बाजूला काढा. मैदानावर परतायला निदान नऊ महिने लागतात, आणि डिस्चार्जनंतरचा खर्च विमा बहुधा दोन-तीन महिनेच देतो. तुम्हाला काम करता येईपर्यंत बागेत तुमच्या जागी मजूर लागेल, त्याची मजुरीही याच हिशेबात धरा.