आद्य-केल्टिक भाषेत क्रियापदांपासून नामं कशी बनत?

मुख्यतः प्रत्यय लावून. आद्य-केल्टिक ही आयरिश, वेल्श वगैरेंची पूर्वज भाषा. तिची नामं पुनर्रचित आहेत, म्हणजे या भाषांच्या तुलनेतून मांडलेली. म्हणून त्यांच्याआधी तारांकन (*). सर्वांत चलती '-तु-'ची: *मोलातुस, म्हणजे 'स्तुती'. शेवट झिजून प्राचीन आयरिशमध्ये 'मोलद' उरलं. संस्कृत 'कर्तुम्'मधला 'तु' याचाच भाऊबंद. '-ति-'ही ओळखीचा: प्राचीन आयरिश 'बेरिद' (वाहतो) या क्रियापदाचं 'ब्रिथ' हे नाम आणि संस्कृत 'भृति' एकाच साच्यातले. '-मा'पासून प्राचीन आयरिश 'क्रेतेम', म्हणजे विश्वास.

कोणत्या धातूला कोणता प्रत्यय, हे मात्र बऱ्याचदा पाठच करावं लागतं. प्राचीन आयरिशमध्ये तर 'इबिद' (पितो) याचं नाम चक्क 'ओल', धातूच वेगळा! आणि ही नामं टाळताही येत नाहीत, कारण इन्फिनिटिव्हचं, म्हणजे 'करायला', 'प्यायला'सारख्या रूपांचं, कामही तीच करतात.