‘विश यू वर हिअर’ पहिल्यांदा ऐकताय? मग हे वाचा

सगळ्यात आधी शफल बंद कर, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा १९७५चा अल्बम पाचच गाण्यांचा आहे पण ती एकमेकांत मिसळतात, ऑर्डर मोडली की मजाच गेली. नवीन लोक हमखास चुकतात ते इथे: ‘शाईन ऑन’ या पहिल्याच गाण्यात आठेक मिनिटं गायकाचा आवाजच येत नाही म्हणून पुढे ढकलतात. ढकलू नकोस!! गिटारचे ते चार सूर येऊ देत.

मग ‘वेलकम टू द मशीन’मध्ये सगळं थंड, यंत्रासारखं होतं, आणि ‘हॅव अ सिगार’च्या शेवटी अख्खा बँड आक्रसून रेडिओएवढा होतो, त्यातूनच टायटल साँगची गिटार सुरू होते (इथे हेडफोन हवेतच). ‘शाईन ऑन’ ज्याच्यावर आहे त्या सिड बॅरेटबद्दल (बँडचा जुना गायक-गिटारिस्ट) नंतर वाच, आधी दोनदा सलग ऐक.